पाणीयोजना एकदम बांधावी की टप्प्याटप्प्याने? मागणीची खात्री नसताना गुंतवणुकीचा हिशेब

नव्या अभियंत्याच्या हाती प्रकल्प अहवालाचं काम येतं तेव्हा पहिल्याच पानावर एक आकडा ठरवावा लागतो: वीस-तीस वर्षांनी शहराला रोज किती पाणी लागेल. हा आकडा चुकणार आहे. कमी चुकेल की जास्त, एवढंच आज कळत नाही. त्यामुळे अहवालाची खरी कसोटी अंदाज अचूक आहे का, ही नसते. अंदाज चुकल्यावर शहराला किती भुर्दंड पडतो आणि वाट बदलता येते का, ही असते. इथे जलशुद्धीकरण केंद्राचं उदाहरण घेऊन तो हिशेब पायरीपायरीने मांडला आहे. रस्ता, वीज उपकेंद्र किंवा शीतगृहासाठीही पद्धत हीच राहते, फक्त आकडे बदलतात.

मागणीचा एक आकडा नको, तीन वाटा हव्यात

समजा, १ लाख ८९ हजार वस्तीचं शहर आहे. माणशी रोज १३५ लिटर आणि १५ टक्के गळती धरली की गरज ३० एमएलडी येते, म्हणजे रोज ३ कोटी लिटर. जुनं केंद्रही ३० एमएलडीचंच आहे आणि पूर्ण क्षमतेने चालतंय. यापुढे वाढणारी सगळी मागणी नव्या केंद्राने भागवायची आहे.

लोकसंख्येचा अंदाज काढायच्या अंकगणिती, भूमितीय आणि वाढीव वृद्धी या तिन्ही पद्धती लावून त्यांची सरासरी काढायची, असा रिवाज आहे. पण तिन्ही पद्धती त्याच जुन्या जनगणनांवर चालतात, आणि प्रसिद्ध झालेली शेवटची जनगणना २०११ ची आहे. तीन उत्तरं जवळ आली म्हणजे खात्री वाढली, असं समजू नका. वाटा घटनांवरून पाडा. औद्योगिक क्षेत्र आलं तर? हद्दवाढीत शेजारची गावं आली तर? यंत्रमाग बंद पडले आणि माणसं बाहेर गेली तर? या शहरासाठी अशा तीन वाटा धरू: संथ, म्हणजे दरवर्षी ०.३ एमएलडीची वाढ, मध्यम ०.८, वेगवान १.५. शक्यता अनुक्रमे ३०, ४५ आणि २५ टक्के. शक्यतांचे हे आकडे अंदाजाचेच आहेत, पण ते कागदावर उघड लिहिले की त्यांच्यावर वाद घालता येतो. सरासरीत लपवले की तोही मार्ग बंद होतो.

सरासरी नेमकी कुठे फसवते ते पाहा. तिन्ही वाटांची सरासरी वाढ वर्षाला ०.८२५ एमएलडी, म्हणजे बाराव्या वर्षी ९.९. नवं केंद्र १२ एमएलडीचं असेल तर एका अंदाजावर चाललेला अहवाल म्हणेल, बाराव्या वर्षी ९.९ एमएलडीची पाणीपट्टी येईल. आता वाटा वेगळ्या मोजा. संथ वाटेवर ३.६ विकलं जाईल, मध्यम वाटेवर ९.६. वेगवान वाटेवर मागणी १८ असेल, पण केंद्र १२ च देऊ शकेल. यांची भारित सरासरी ८.४ येते. उत्पन्न १५ टक्के कमी. क्षमतेला वरून झाकण असतं, म्हणून चांगल्या वर्षांचा फायदा कापला जातो आणि वाईट वर्षांचा तोटा मात्र पूर्ण पदरी पडतो. नुसत्या सरासरीवर केलेला महसुलाचा तक्ता म्हणूनच जवळजवळ नेहमी फुगलेला निघतो.

मोठं बांधलं की स्वस्त पडतं, पण किती?

क्षमता दुप्पट केली की खर्च दुप्पट होत नाही. प्राथमिक अंदाजासाठी खर्च क्षमतेच्या ०.६ ते ०.७ घाताने वाढतो, असं धरतात. १० एमएलडीला १२ कोटी आणि घात ०.७ धरला, तर १२ एमएलडीला १३.६ कोटी आणि २४ एमएलडीला २२.१ कोटी. हे आकडे समजुतीसाठी आहेत. तुमच्या कामात चालू दरसूचीवरून दोन-तीन वेगवेगळ्या क्षमतांची अंदाजपत्रकं करा आणि घात त्यांच्यातूनच काढा.

दोन पर्याय असे:

१. एकदम: आजच २४ एमएलडी. खर्च २२.१ कोटी.
२. टप्प्याने: आज १२ एमएलडी, शिवाय पुढच्या वाढीसाठी १.२ कोटींची तरतूद, म्हणजे जागा, रुंद वाहिन्या, जोड अशी आजच करून ठेवलेली सोय. आजचा खर्च १४.८ कोटी. गरज पडली तर दुसरे १२ एमएलडी, १३.६ कोटींत.

नुसती बेरीज केली तर दुसरा पर्याय २८.४ कोटींना पडतो आणि बैठकीत तिथेच नाकारला जातो. पण ती बेरीज दोन गोष्टी विसरते: दुसरा खर्च पुढे होणार आहे, आणि कदाचित होणारच नाही.

वर्तमान मूल्य

पुढे होणाऱ्या खर्चाची आजची किंमत काढायला महागाई वगळून ८ टक्के डिस्काउंट रेट, म्हणजे वर्षाला वजावटीचा दर, धरू. वेगवान वाटेवर पहिले १२ एमएलडी आठव्या वर्षी भरतात. बांधकामाला दोन वर्षं लागतात, म्हणून पैसा सहाव्या वर्षी लागतो. १३.६ ला १.०८ च्या सहाव्या घाताने भागलं की ८.६ कोटी. मध्यम वाटेवर केंद्र पंधराव्या वर्षी भरतं, पैसा तेराव्या वर्षी लागतो, त्याचं आजचं मूल्य ५ कोटी. संथ वाटेवर वीस वर्षांत दुसरा टप्पा लागतच नाही.

म्हणजे टप्प्याच्या पर्यायाचा खर्च संथ वाटेवर १४.८, मध्यमवर १९.८ आणि वेगवान वाटेवर २३.४ कोटी. शक्यता लावून सरासरी १९.२. एकदम बांधलं तर वाट कोणतीही असो, २२.१. सरासरीत सुमारे २.९ कोटी वाचतात. पण माझ्या मते त्याहून बोलका आकडा पश्चात्तापाचा आहे. टप्पे केले आणि शहर वेगाने वाढलं तर १.३ कोटी जास्त जातात. एकदम बांधलं आणि शहर थबकलं तर ७.३ कोटी जास्त गेलेले असतात, आणि रिकाम्या गाळण्या सांभाळण्याचा खर्च वेगळाच. लोकप्रतिनिधींसमोर मांडताना हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवा. घातांकांपेक्षा ते लवकर कळतात.

उत्तर किती पक्कं आहे, तेही तपासा. दर ८ ऐवजी ४ टक्के धरला तर टप्प्याचा पर्याय २१.२ कोटींवर जातो, तरी स्वस्तच राहतो. ३ टक्क्यांना फरक फक्त ०.३ कोटी उरतो आणि २ टक्क्यांना एकदम बांधणं स्वस्त ठरतं. घात ०.६ धरला तर एकदमचा खर्च २०.३ आणि टप्प्याचा १८.९. निकाल कुठे उलटतो तो आकडा अहवालात लिहाच.

या पायरीवर तीन चुका वारंवार होतात.

पहिली, महागाईची सरमिसळ. ८ टक्के खरा दर आणि ५ टक्के महागाई एकत्र केली की बाजारातला दर १३.४ टक्के होतो. खर्च आजच्या भावाने आणि दर मात्र १३.४, असं झालं तर तेराव्या वर्षाचे १३.६ कोटी ५ ऐवजी २.६५ कोटी दिसतात. दुसरा टप्पा जवळजवळ निम्म्या किमतीत मिळाल्याचा भास होतो. खर्च आणि दर, दोन्ही महागाईसह घ्या किंवा दोन्ही महागाईविना.

दुसरी एक्सेलची. त्यातलं वर्तमान मूल्य काढणारं एनपीव्ही फंक्शन यादीतल्या पहिल्या रकमेलाही एक वर्षाची वजावट लावतं. आज होणारा खर्च त्या यादीत ठेवू नका, बाहेर वेगळा मिळवा.

तिसरी, मुदतीच्या शेवटची किंमत विसरणं. मध्यम वाटेवर विसाव्या वर्षी दुसरा टप्पा अवघा पाच वर्षांचा असतो, तर एकदम बांधलेलं केंद्र वीस वर्षं जुनं. उरलेल्या आयुष्याची किंमत धरली नाही तर टप्प्याच्या पर्यायावर अन्याय होतो.

तीन वाटांवर हात बसला की एक्सेलच्या रँड फंक्शनने (ते यादृच्छिक आकडे देतं) दोन हजार वाटा काढता येतात. तिथे एक सापळा आहे. दरवर्षीची वाढ स्वतंत्रपणे काढली तर चढ-उतार एकमेकांना खातात आणि विसाव्या वर्षाचा पल्ला खोटाच अरुंद होतो. प्रत्येक वाटेसाठी मूळ वाढ एकदाच काढा, तिच्यावर वर्षावर्षाचा लहान फेरफार चढवा. दोन्ही पर्यायांना त्याच वाटांवरून चालवा, नाहीतर फरक पर्यायांमुळे पडला की नशिबामुळे, ते कळणार नाही.

तरतुदीला किती पैसे द्यावेत?

पुढची सोय म्हणून अहवालात काहीही घुसवलं जातं. तिची किंमत काढता येते. तरतूद केली नाही तर दुसरा टप्पा ३० टक्क्यांनी महाग पडेल असं धरू: १३.६ ऐवजी १७.७ कोटी. म्हणजे ४.१ कोटी जास्त. मध्यम वाटेवर त्याचं आजचं मूल्य १.५ कोटी, वेगवान वाटेवर २.६, संथवर शून्य. शक्यता लावल्या की १.३ कोटी. तेवढीच या तरतुदीची कमाल किंमत. १.२ कोटी मागितले तर जेमतेम परवडतं. २ कोटी मागितले तर नाही म्हणा आणि यादी कापायला बसा.

कापताना क्रम असा ठेवा. सगळ्यांत आधी जमीन. ३० टक्के जास्त हा हिशेब जमीन मिळेल असं गृहीत धरतो. शहर वाढलं की केंद्राच्या कुंपणाला टेकून घरं उभी राहतात आणि मग जमीन कोणत्याच भावाने मिळत नाही. त्यानंतर पाण्याच्या पातळ्या: आवक कुंड, फ्लॅश मिक्सर (पाण्यात रसायन झटकन मिसळणारं कुंड) आणि दोन टप्प्यांना पाणी वाटणारी वाहिनी २४ एमएलडीच्या हिशेबाने करा, कारण चालू केंद्र बंद ठेवून वाहिनी रुंद करता येत नाही. मग जोड: जिथून नवा नळ निघणार तिथे आजच टी (फाट्याचा जोड), झडप आणि ब्लँक फ्लँज, म्हणजे तोंड बंद करणारी चकती. झडप विसरली तर दहा वर्षांनी फ्लँज उघडायला अख्ख्या शहराचं पाणी बंद करावं लागेल. फिल्टर हाउसची शेवटची भिंत भार न घेणारी ठेवा आणि सळयांना गंजापासून झाकून पुढे सोडा.

गाळण्या मात्र आज लागतील तेवढ्याच. १२ एमएलडी म्हणजे तासाला ५०० घनमीटर. जलद वाळू गाळणीला ताशी ५ मीटर वेग धरला तर १०० चौरस मीटर, म्हणजे २५ चौरस मीटरच्या चार गाळण्या. एक धुवायला बंद असताना उरलेल्या तिघींवर वेग ६.७ होतो. तो चालत नसेल तर पाचवी आत्ताच घ्या, पुढच्या टप्प्याच्या भरवशावर ठेवू नका. क्लॅरिफायरला, म्हणजे गाळ तळाशी बसवणाऱ्या टाकीला, दिवसाला चौरस मीटरमागे ३५ घनमीटर धरले तर व्यास २१ मीटर येतो. दुसऱ्या क्लॅरिफायरची जागा आराखड्यात आखा आणि तिच्याखालून एकही नळ किंवा केबल जाऊ देऊ नका. हा नियम कागदावर सोपा वाटतो, पण मोडतो सगळ्यांत जास्त.

तरतूद किती उपयोगी पडते, याची दोन उदाहरणं लक्षात ठेवण्याजोगी आहेत. शिकागोतल्या ब्लू क्रॉस ब्लू शील्ड इमारतीचा पहिला टप्पा १९९७ मध्ये झाला. पाया, खांब आणि पुढच्या लिफ्टची जागा आधीच ठेवली होती, म्हणून २०१० पर्यंत खालची कचेरी चालू ठेवून वर २४ मजले चढवता आले. लिस्बनचा टॅगस नदीवरचा झुलता पूल १९६६ मध्ये खुला झाला तेव्हाच खाली रेल्वेची सोय धरली होती. रेल्वे आली १९९९ मध्ये. मात्र तेव्हा केबलचा आणखी एक संच चढवून पूल मजबूत करावा लागला. ३३ वर्षांत गरजा बदलतात. तरतूद जागा आणि पातळ्यांची असेल तर टिकते, नेमक्या यंत्राची असेल तर शिळी होते.

काय एकदम, काय टप्प्याने

संपूर्ण योजनेला एकच उत्तर देऊ नका. प्रत्येक अंग वेगळं आहे.

ऊर्ध्ववाहिनी, म्हणजे पंपाने पाणी वर चढवणारा मुख्य नळ, एकदमच टाका. नळाची वहनक्षमता व्यासाच्या २.६३ घाताने वाढते. ४५० मिमी ऐवजी ६०० मिमी घेतला की तेवढ्याच घर्षणहानीत २.१३ पट पाणी जातं. व्यास वाढला एक तृतीयांश, क्षमता दुपटीहून जास्त. आणि चर खोदणं, रस्ता फोडणं, रेल्वेखालून नेण्याची परवानगी हा खर्च दोन्हीला जवळजवळ तोच. इथे टप्पे करणं बहुतेक वेळा महागात पडतं. याला मर्यादा वेगाची आहे. ६०० मिमीच्या नळातून २४ एमएलडी सेकंदाला ०.९८ मीटरने जातं, १२ एमएलडी ०.४९ ने. पहिल्या वर्षांत मागणी ३ एमएलडी असताना दिवसभर संथ पंपिंग केलं तर वेग ०.१२ उरतो आणि कच्च्या पाण्यातला गाळ नळात बसतो. म्हणून पंप कमी तास, पण पूर्ण प्रवाहाने चालवा आणि सखल जागी गाळ धुऊन काढायच्या वॉशआउट झडपा द्या.

जॅकवेल (काठावरची पंप बसवायची विहीर) आणि पाणी घेण्याचं तोंडही शेवटच्या क्षमतेचंच. भरल्या जलाशयात पुन्हा उतरणं किती अवघड असतं ते कोयनेने दाखवलं आहे: चौथ्या टप्प्यासाठी १९९९ मध्ये जलाशयाच्या तळाशी स्फोट घडवून बोगदा पाण्याला जोडावा लागला. नगरपरिषदेला तसा मार्ग परवडणारा नाही.

पंप, मोटारी, पॅनेल आणि क्लोरिनेटर यांत पुढची सोय अजिबात नको. पाणीपुरवठ्याचे निकष ठरवणाऱ्या सीपीएचईईओ या केंद्रीय संस्थेच्या १९९९ च्या नियमपुस्तिकेतही पंप-मोटारींना १५ वर्षांचा संकल्पनकाळ (किती वर्षांची गरज धरून बांधायचं तो काळ) आहे आणि मुख्य नळांना ३०. मोठा पंप झडप आवळून चालवला की वीज वाया जाते आणि बेअरिंग लवकर जातात. पंपगृहात पायाची जागा सोडा, पंप नको. कॉन्ट्रॅक्ट डिमांडही, म्हणजे वीज कंपनीकडे नोंदवलेली कमाल मागणी, आजच्या भाराचीच घ्या, नाहीतर न वापरलेल्या मागणीचं शुल्क दरमहा बिलात येत राहतं. उंच जलकुंभ वस्तीप्रमाणे एकेक वाढवावेत, कारण मोठ्या टाकीत पाणी जास्त वेळ साठून राहिलं की क्लोरीन उडून जातो.

दुसरा टप्पा कधी सुरू करायचा, ते आजच लिहा

वरचा सगळा फायदा एका गोष्टीवर उभा आहे: दुसरा टप्पा वेळेवर सुरू होणं. मान्यता आणि निविदेला दीड वर्ष, बांधकामाला दोन, असे साडेतीन वर्षं धरा. या काळात मागणी वाढतच राहते. म्हणून नियम असा: नव्या केंद्राची शिल्लक क्षमता ही गेल्या तीन वर्षांची सरासरी वाढ गुणिले ३.५ इतकी किंवा त्याहून कमी झाली, की प्रस्ताव पाठवायचा. वेगवान वाटेवर हे ५.२५ होतं, म्हणजे केंद्र ६.७५ एमएलडीवर चालत असतानाच, साडेचार वर्षांनी. मध्यम वाटेवर ९.२ वर, साडेअकरा वर्षांनी. केंद्र ९० टक्के भरल्यावर बघू, असा एकच ठोक नियम वेगवान वाटेवर हमखास उशीर करतो.

उशिराची किंमतही काढा. वेगवान वाटेवर दुसरा टप्पा दोन वर्षं लांबला तर तूट शेवटी ३ एमएलडीवर जाते. दहा हजार लिटरच्या टँकरने रोज ३०० खेपा. दोन वर्षांची सरासरी तूट १.५ धरली तर १ लाख ९ हजार ५०० खेपा; खेपेला १,००० रुपये धरले तरी जवळजवळ ११ कोटी. टप्प्याने वाचवलेल्या २.९ कोटींच्या कितीतरी पट. आणि टँकरच्या रांगेत उभं राहणाऱ्या बायाबापड्यांचे तास यात धरलेलेच नाहीत. ज्या नगरपरिषदेत प्रस्ताव साडेतीन वर्षांत मार्गी लागेल याची खात्री नसेल, तिथे हा काळ पाच वर्षांचा धरून पुन्हा हिशेब करा. वेगवान वाटेवर इशाऱ्याची पातळी मग ४.५ एमएलडीवर येते.

अनुदानाचा प्रश्न इथेच येतो. राज्य किंवा केंद्राचा पैसा एकदाच मिळणार असेल तर मोठं बांधण्याचा मोह होतो, आणि शहराच्या बाजूने पाहिलं तर तो चुकीचाही नसतो. अशा वेळी दोन तक्ते करा: एक एकूण खर्चाचा, एक शहराच्या स्वतःच्या हिश्शाचा. दुसऱ्यात देखभाल आणि वीज पूर्ण धरा, कारण अनुदान बांधकामाला मिळतं, रोजच्या चालवण्याला नाही. अनुदानातून जास्तीत जास्त जमीन, जॅकवेल आणि नळ करून घेणं, हा बहुतेकदा दोन्ही तक्त्यांत बसणारा मार्ग असतो.

करारातही डोळसपणा हवा. नुसते दोन टप्पे लिहिले म्हणजे लवचीकता आली, असं नाही. अंजनवेलच्या दाभोळ वीज प्रकल्पात टप्पे दोन होते. ७४० मेगावॅटचा पहिला १९९९ मध्ये सुरू झाला, पण त्याची वीज राज्याला झेपते का हे दिसण्याआधीच दुसऱ्याचं काम चालू झालेलं होतं. वीज घेतली नाही तरी क्षमतेचं शुल्क भरण्याचं बंधन करारात होतं. २००१ मध्ये पहिला टप्पा बंद पडला आणि दुसरा अर्धवट राहिला. म्हणून निविदेत दुसरा टप्पा नगरपरिषदेच्या मर्जीचा ठेवा, हमीचा नको. ठेकेदाराने दर आज द्यावा, निर्देशांकानुसार वाढण्याचं सूत्र ठरवावं आणि देकार किती वर्षं खुला ते लिहावं. पण काम दिलंच पाहिजे, असं कलम नको.

इशाऱ्याची पातळी, ती मोजण्याची पद्धत आणि जबाबदार पद अहवालाच्या एकाच पानावर आणा. वाचन नव्या केंद्राच्या बाहेर जाणाऱ्या नळावरच्या फ्लोमीटरचं घ्या, पंपाच्या तासांवरून काढलेलं नको. पंप झिजला की तास वाढतात आणि मागणी वाढल्यासारखी दिसते. मीटर दरवर्षी तपासून घ्या. त्याच्या आधी सरळ नळाची पुरेशी लांबी आराखड्यातच सोडा, नाहीतर पहिल्या दिवसापासून चुकीचा आकडा येईल. मे महिन्यातल्या सलग सात दिवसांची सरासरी नोंदवा आणि अंदाजपत्रकाच्या सभेत मागच्या तीन वर्षांच्या आकड्यांशेजारी ठेवा.